चकव्यांच्या गावातून एडका आणला त्याची हकीकत

बाळापूरच्या बाजारात काही लोक सांगून राहिले की म्हाताऱ्याला ऊन लागलं, डोंगरात भरकटला आन् आता काहीबाही बरळून राहिला. असं म्हणणाऱ्यांत माझ्या वळखीचे हायेत, म्हणून राग जास्त येतो. ऊन मला लागत न्हाई. उभा जन्म उन्हात मेंढरं राखली, लागायचं असतं तर कवाच लागलं असतं. मी चकव्यांच्या गावाला जाऊन आलो. तिथं खाल्लं, झोपलो, भांडलो, आन् जे आणायला गेलो होतो ते घेऊन आलो. माझी शाळा दुसरीपोहतर. नात म्हणली, आबा, तुमी सांगा, मी नीट लिहिते. म्या म्हणलं, नीट तू तुझं लिही, माझं मी लिहितो. तर हे माझ्या हातचं हाये. जे गेले न्हाईत त्यांनी आधी वाचावं आन् मंग बोलावं.

धरणाच्या गाळावर

उन्हाळ्यात सिद्धेश्वर धरणाचं पाणी मागं सरलं की आमी मेंढरं गाळावर उतरवतो. पाण्याच्या कडेला कवळं गवत निघतं, बाकी रान करपलेलं असतं. माझ्या कळपात वस्ताद नावाचा एडका. एडका म्हंजे बिजाचा नर, कळपाला एकच ठेवलेला. शिंगं वळून कानामागं गेलेली, चाल पहिलवानाची, म्हणून वस्ताद. पावसाच्या तोंडावर मेंढ्या माजावर येतात. त्या टायमाला एडका न्हाई तर पुढं कोकरू न्हाई. आन् कोकरू न्हाई म्हंजे माझ्या पोराला पायजे तेच झालं. त्याचं कवापासून एकच चाललंय: आबा, मेंढरं इकून टाका, आता तुमी बसा, आमी हावोत ना. मला बसा म्हणलेलं आवडत न्हाई.

तर भर दुपारी मी पाण्यावर वाकलो, दोन वंजळी पाणी पिलो आन् उठून पाहतो तर वस्ताद न्हाई. गाळाचं मैदान सपाट, लपायला झुडूप न्हाई. त्याच्या खुरांचे ठसे मात्र डोंगराकडं गेलेले, आन् बाजूनं लेकराच्या पायाएवढे बारके ठसे, बोटं बाहेरच्या अंगाला फाकलेली. मेंढरं भावकीतल्या एकाच्या हवाली केली, काठी घेतली, घोंगडी खांद्यावर टाकली आन् मागावर निघालो.

डोंगरात एका पळसापाशी माग हरवला. पुढं गेलो, फिरून त्याच पळसापाशी. डावीकून गेलो, पुन्हा पळस. चकवा लागला हे मला कळलं. आमच्याकडं सांगतात की चकवा लागला की सदरा उलटा घालावा आन् एका जागी बसून घ्यावं, वाट आपोआप सुटते. पुन्हा तेच, बसा. मी बसलो न्हाई. खाली पाहिलं. मऊ मातीत माझ्या पावलांचे ठसे होते आन् माझ्या हरएक ठशाच्या आत एक बारका ठसा. म्हंजे कुणीतरी माझ्या पावलात पाऊल ठेवून मागं मागं येत होतं आन् मला फिरवून राहिलं होतं. वळून पाहिलं की कोणी न्हाई. मंग वळलोच न्हाई. तोंड तिकडंच ठेवून उलटा चालत गेलो, पाठीकून. जरा वेळात पायाशी काहीतरी धडकलं. हात मागं घातला आन् लागलं ते धरलं. कान होता.

माझ्या कमरेएवढा गडी. कातडी मुरमाच्या रंगाची, डोळे उदमांजराचे, कान वटवाघळासारखे, पातळ आन् जागोजागी फाटलेले.

"एडका कुठं हाये माझा?" म्या विचारलं.

"सोडू नका," तो म्हणला. "आणखी आवळा. जरा फाटू द्या चोट्टेबुवा, पोरांना दाखवायला होईल."

मला चोट्टा म्हणलं म्हणून म्या त्याला काठीनं हाणणार होतो. नंतर कळलं, त्यानं मला मान दिला होता. ह्या लोकांची बोली आपलीच, आपल्या भिंतींना कान लावून शिकलेली. पण आपण चोराच्या मागं पळताना जे बोलतो तेच त्यांनी जास्त ऐकलंय. त्यांच्यात थोर माणसाला चोट्टा म्हणतात. आन् कुणाचा सात पिढ्यांचा उद्धार करायचा असला तर त्याला दानशूर म्हणतात. कान जितका फाटका तितका गडी मोठा, कारण तितक्या वेळा तो पकडला जाऊन सुटला. ह्याचं नावच कानफाट्या. गावचा मुख्य होता.

"एडका खाली हाये," तो म्हणला. "चला. पण मागू नका. तिथं कुणाला काही मागू नका, एवढं ऐका."

म्या ते ऐकलं न्हाई. माझी वस्तू मला मागायची काय चोरी हाये?

खाली

सायाळीच्या बिळासारख्या एका भोकातून रांगत जावं लागलं. माझे गुडघे सोलून निघाले. अंधारात कुठं पटका अडकला असं वाटलं, हात लावला तर डोक्यावर पटका न्हाई. पुढं गेलो तर काठी न्हाई. बिळातून उभा राहिलो तवा कमरेची तंबाखूची चंचीबी न्हाई. घोंगडी तेवढी म्या दातात धरली होती म्हणून राहिली. कानफाट्या म्हणला, "पाहा, गावानं तुमचं कसं स्वागत केलं." म्या म्हणलं, स्वागत करणाऱ्याला माझ्यासमोर आण. कोणी आलं न्हाई. अंधारात खिदळणं मात्र ऐकू आलं.

गाव पाहण्यासारखं हाये, खोटं कशाला बोलू. वर डोंगराचं पोट, त्यातून झाडांची मुळं लोंबतात, धरणाचं पाणी कुठंतरी झिरपतं आन् सारखं टपटपतं. ऊन न्हाई, चांदणं न्हाई. कुजक्या लाकडावर एक बुरशी येते, ती हिरवट उजळते, तेवढाच उजेड. त्या उजेडात सगळेच मेल्यासारखे दिसतात. घरं आपल्याकून नेलेल्या सामानाची. कुणाची भिंत नांगराच्या फाळांची, कुणाचं दार यष्टीच्या बाकड्याचं. एका घराला सगळा चपलांचा कूड, हरएक चप्पल एकटी. मोबाईल तर ढिगानं. बंद पडलेले. त्यात तोंड पाहून बाया केस इंचरतात.

देऊळ हाये, पण आत देव न्हाई. म्या विचारलं तर कानफाट्या अभिमानानं म्हणला, "पुसेगावखालच्या चकव्यांनी नेला. त्याच्या आधी आमी त्यांच्याकून आणला होता. ज्या गावचा देव कोणी चोरत न्हाई तो देव कसला?" आन् रिकाम्या जागेला हात जोडून पुढं गेला. लग्नातबी तसंच. पोराकडचे पोरीला पळवतात, त्याच टायमाला पोरीकडचे पोराला पळवतात. मंग दोघं एकमेकाला हुडकत फिरतात. ज्यांना सापडत न्हाई त्यांचं मोडलं.

जेवायला बसलो. भाजलेले कांदे, खेकडे, कुठूनतरी आणलेल्या ज्वारीच्या भाकरी आन् जवसाची चटणी. चटणी जिभेला लागायच्या आधी वासावरून वळखली, माझ्या घरची होती. आमची म्हातारी जवस जरा जास्त भाजते, सांगून ऐकत न्हाई. पण खायला मिळंल तर ना. सगळे गोल बसले, हरएकापुढं ताट, माझ्यापुढं काही न्हाई. मी वाट पाहिली. मंग दिसलं, ज्यानं त्यानं आपल्या ताटाकून तोंड फिरवलं की शेजारी त्यातलं उचलतो. असंच जेवतात. माझ्या आजूबाजूच्यांनी तर ताटं माझ्याकडं सरकवून मानाच वळवून घेतल्या होत्या. म्हंजे मी उचलावं. म्या जन्मात कुणाच्या शेतातलं कणीस मोडलं न्हाई.

म्या म्हणलं, "वाढा ना मला. पाहुणा हाये."

एका बाईनं लेकराच्या कानावर हात ठेवले. एक म्हातारा उठून गेला.

"असं बोलू नये," कानफाट्या माझ्या कानाशी म्हणला. "देतात फक्त मेलेल्याला. आपल्याकडचं कोणी न्यावं, आपण कुणाचं न्यावं, तवर माणूस जिता. तुमी स्वतःला मेलेला म्हणून राहिले."

मी उपाशी झोपलो. उठलो तवा भाकरीचा तुकडा माझ्या हातात होता, अर्धा खाल्लेला. झोपेत म्या कुणाचा उचलला का कुणी ठेवला, मला ठाव न्हाई. कानफाट्या म्हणला, तुमी चोरला. म्या त्याला खोटारडा म्हणलं.

झिपरीचं दार

एका गल्लीत सगळ्या दारांना दगड रचलेले. उंबऱ्यापासून वरपोहतर, वर तेवढं हात जाईल इतकं भोक. मला वाटलं पडकी घरं असतील. तर एका भिंतीआडून खोकला ऐकू आला.

"आत कोण हाये?"

"मेलेली हाये," कानफाट्या म्हणला.

"खोकून राहिली की."

"अजून खोकते."

मंग त्यानं सांगितलं ते असं. म्हातारपणी हात थरथरतो, चोरी जमत न्हाई. घरात न्हेण्यासारखं काही राहत न्हाई, म्हणून कोणी त्यांचंबी चोरत न्हाई. मंग घरचे लोक दया करून ताट आणून उंबऱ्यावर ठेवतात. देतात. एक ताट दिलं की एक दगड. भिंत पुरी झाली की माणूस मेला. वरच्या भोकातून मेलेल्याला जेवण मिळत राहतं, काही कमी पडू देत न्हाईत. हे त्यानं मला असं सांगितलं, जशी फार चांगली रीत हाये.

"आन् दगड कोण रचतं?"

"पोटची पोरं. दुसरं कोण रचणार?"

आपल्याकडं म्हाताऱ्याला बाजेवर ताट आणून देतात ते मान म्हणून देतात. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणला, "मंग तुमच्याकडं भिंत कधी रचतात?" म्या म्हणलं, तुझ्यासारख्या अडाण्याशी मला बोलायचं न्हाई.

गल्लीच्या टोकाला शेवटचं घर, त्याची भिंत अर्धी होती. तिच्यावरून आत पाहिलं तर वस्ताद. खाली बसून रवंथ करून राहिला, जसा बापाच्या घरी. आन् शेजारी एक म्हातारी, केसांच्या झिपऱ्या, कान फाटून नुसत्या चिंध्या. तिचं नाव झिपरी. भिंत तिच्या छातीएवढी.

"एडका दे माझा," म्या म्हणलं.

तिनं अंग चोरलं, जसं कुणी थोबाडीत मारावी. मंग भिंतीकडं पाठ करून घोरायला लागली. खोटं घोरणं मला कळतं.

"मी तुला काय म्हणून राहिलो?"

"झोपलीय मी," ती म्हणली. "गाढ झोपलीय. कुणी आलं, कुणी काही नेलं, मला काही कळायचं न्हाई."

"माझा एडका हाये. मी चोरू काहून?"

तवा ती उठून बसली. तिचा आवाज रहाटासारखा करकर वाजायचा. "मुडद्या, भर दुपारी आणला म्या तो. तुझ्या डोळ्यापुढून. ह्या वयात. गावातल्या एकाबी पोराच्यानं होणार न्हाई."

"मी पाणी पिऊन राहिलो होतो."

"मंग पितानी पाहायचं. धरणावरचे सगळे मेंढके म्या पाहिले. एकाचं नेलं असतं तर तो रडून घरी गेला असता. दुसऱ्याचं नेलं असतं तर पोलिसात गेला असता. तू हट्टी हायेस. तू येशील म्हणून तुझाच आणला. आता चोरून न्हे आन् जा. नुसतं आणून भागत न्हाई, माझ्या घरात चोरी झाली की ही भिंत पडंल. रीत हाये तशी."

म्हंजे तिची सुटका माझ्या हातात, आन् त्यासाठी मी चोर व्हायचं. माझं डोकं फिरलं. ती चोट्टी, एडका माझा, आन् चोर मी. म्या घोंगडी सावरली, भिंत ओलांडून आत गेलो, वस्तादाचं शिंग धरलं आन् सगळ्यांदेखत म्हणलं, "हा माझा हाये आन् मी न्हेऊन राहिलो."

बाहेर लोक जमले होते. तिची दोन्ही पोरं त्यात होती, चांगले धडधाकट गडी. त्यातल्या थोरल्यानं एक दगड उचलून भिंतीवर ठेवला. मंग धाकट्यानं ठेवला. हळूच, आईच्या अंगाला लागू नये असा.

"हे काय करता?"

"आपलं म्हणून कोणी उघड न्हेलं आन् तिनं न्हेऊ दिलं, म्हंजे दिलंच," कानफाट्या म्हणला. "दिलं की दगड."

भिंत तिच्या गळ्याशी आली. ती माझ्याकडं पाहून थुंकली. म्या शिंग सोडलं, एक दगड उपसून गल्लीत भिरकावला. थोरला गेला, दगड आणला, झटकला आन् पुन्हा जाग्यावर ठेवला. दुसरा भिरकावला, तोबी आणला. त्याला राग न्हाई, घाई न्हाई. आईचं करतोय अशा तोंडानं करून राहिला. मला त्या पोराचा जितका राग आला तितका झिपरीचाबी आला न्हाई.

पारावर

म्या म्हणलं, बैठक बोलवा. मला बोलायचं हाये. तर सगळे मुळ्यांखालच्या एका पारावर जमले. झिपरीलाबी आणलं, वस्तादालाबी आणलं. मी उभा राहून बोललो. बाजारात बोलतो तसं बोललो, कुणाला भ्यालो न्हाई.

"स्वतःची वस्तू स्वतःला चोरता येत न्हाई," म्या म्हणलं. "हे तुमच्या रीतीत बसतं का न्हाई? सांगा."

त्यांना हे फार आवडलं. आपसात बोलले, माना हलवल्या, कान फडफडवले. कानफाट्या म्हणला, "बराबर हाये. म्हंजे हा एडका तुमचा."

"माझा."

"झिपरीकडं होता तवाबी तुमचा."

"तवाबी माझाच. उद्याबी माझाच."

"मंग झिपरीनं चोरलं काय?" तो म्हणला. "दुसऱ्याचं जनावर आणलं, पाला घातला, पाणी पाजलं. ही चाकरी झाली. फुकट केली, म्हंजे देणंच झालं. सारखं देणं. म्हंजे भिंत आजच पुरी."

लोक उठायला लागले. हरएकानं वाटेतला दगड उचलला. कुणाच्या तोंडावर वाईट भाव न्हाई. लेकरंसुद्धा हाताएवढे दगड घेऊन. मी म्हणलं, थांबा, असं न्हाई. ते म्हणले, मंग कसं? एडका तिचा असंल तर तिनं चोरला. तुमचा असंल तर न्हाई चोरला. दोन्ही कसं होईल? एडका तिचा, हे शब्द माझ्या तोंडून निघणार न्हाईत, हे मला ठाव होतं. माझ्या बापाच्या कळपाचं बी हाये ते.

तवा झिपरी बोलली.

"थांबा रे. म्हाताऱ्या, घे तुझा एडका. म्या तुला दिला."

कानफाट्या माझ्यापासून दूर सरकला. जे दगड घेऊन तिच्याकडं निघाले होते ते माझ्याकडं वळून पाहायला लागले. एका बाईनं भाकरीचा तुकडा आणून माझ्यापुढं ठेवला, फार मायेनं. एक बारकं पोरगं आलं आन् त्यानं माझ्या पायापुढं दगड ठेवला.

"मला दिला?" म्या म्हणलं.

"घे की," झिपरी म्हणली. "दमलास तू. वय झालं. आता कशाला धावपळ. बस."

अंगाची आग होणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. म्या त्या दगडाला लाथ मारली, भाकरीला न्हाई मारली, अन्न हाये. पारावर चढलो.

"ऐका सगळे. एडका झिपरीचा हाये. माझा न्हाई. तिनं चोरला, भर दुपारी, माझ्या डोळ्यापुढून, आन् मी पाहत राहिलो. तिचा हाये तो. आन् मला देणारी ही कोण? मी मेलो न्हाई. तिला म्हणा, आता राख. खरं राख. खोटं घोरशील तर मी हात लावणार न्हाई. मी तो तुझ्या उशाखालून न्हेतो का न्हाई पाहा."

झिपरी हसली. तोंडात इनमिन दोन दात. तवा मला कळलं की तिनं मला कसं खेळवलं. पण शब्द निघून गेला होता आन् मी दिलेला शब्द मागं घेत न्हाई.

चोरी

तिनं खरंच राखलं, हे सांगितलं पायजे. घरी न्हेऊन वस्तादाचं दावं आपल्या घोट्याला बांधलं आन् भिंतीआड एका टोकाला पाठ टेकून बसली. डोळे मिटायची, पण घडोघडी पाय ओढून पाहायची, दावं ताणलेलं हाये का. आत जायला भिंतीवरूनच वाट, आन् एडका खांद्यावर घेऊन झिपरीच्या गळ्याएवढ्या, नुसत्या रचलेल्या भिंतीवरून उतरायचं म्हंजे आवाज होणार. मी गल्लीत पडून विचार केला. हा विचार आपण करतो ह्याची शरम वाटली आन् तरी केला.

घोंगडी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर अंथरली. वरून एकेक दगड उचलायचा आन् घोंगडीवर ठेवायचा, लेकरू पाळण्यात ठेवावं तसा. लोकर दगडाचा आवाज पिते. मेंढरातल्या माणसाला एवढं ठाव असतं. वाट झाल्यावर आत शिरलो. वस्तादानं मला वासानं वळखलं, पण ओरडला न्हाई. त्याच्या खालच्या जबड्याखाली खाजवलं की तो गप राहतो. गळ्यातलं घुंगरू मुठीत धरून काढलं.

दावं राहिलं. सोडलं तर तिला ढिलं लागणार. वरून एक मूळ लोंबत होतं, बोटाएवढं, लवचिक. वस्तादाच्या गळ्याचं टोक सोडून मुळाला बांधायला लागलो, तेवढ्यात तिनं पाय ओढला. म्या हातातलं टोक एडक्यासारखं उलटं ओढलं. ती थांबली. पुन्हा ओढलं. म्या पुन्हा ओढलं, जरा चिडल्यासारखं. ती समाधानानं पुटपुटली, "हाये, हाये." गाठ मारली. मूळ बराबर एडक्यासारखं ओढ घ्यायला लागलं. म्या वस्तादाला मानेवर घेतला, चारी पाय छातीवर धरले आन् निघालो. दगडांखालची घोंगडी तिथंच राहिली. आमच्या म्हातारीनं, सखूनं, लग्नात आणलेली होती. तिचं वाईट वाटतं.

बिळाच्या तोंडाशी पोचलो आन् मागून आवाज आला.

"चोट्टा. धावा रे, चोट्टा. माझा एडका नेला."

तो झिपरीचा आवाज होता. असा आवाज म्या कुणाचा ऐकला न्हाई. मंग दुसरे आवाज, मंग सगळं गाव. वळून पाहिलं तर बुरशीच्या हिरव्या उजेडात सगळ्यांच्या पुढं झिपरी धावून येत होती, पाठीमागं तिची दोन्ही पोरं आई आई करत, आन् गल्लीत ती भिंत पार ढासळलेली. त्यांनी मला शेण फेकून मारलं, माती मारली, जे जे आपण चोराला बोलतो ते ते सगळं बोलले. माझी अक्खी हयात ज्या गावात गेली तिथं मला कोणी तसा शब्द बोललेला न्हाई. बिळात रांगताना झिपरीनं माझं धोतर धरलं. कानात म्हणली, "फार चांगली केलीस रे, हट्ट्या." आन् मंग मोठ्यानं, लोकांना ऐकू जाईल असं, "मुडद्या, चोट्ट्या, तुझा हात झडो."

धोतराचा सोगा तिच्या हातात राहिला.

घरी

घरी सगळे समजून होते की एडका सापडंना म्हणून मी पुसेगावला मेव्हण्याकडं गेलो. सखू दारातच म्हणली, "आवं, पटका कुठं हाये?"

"चोरीला गेला."

"आन् घोंगडी? आन् धोतराला हे काय झालं? डोक्यात शेण कशाचं?"

"मानाचं हाये. पाणी काढ."

पोरगा वस्तादाला पाहून उभाच राहिला. तोवर त्यानं मेंढरं पाहायला गिऱ्हाईक बोलावलं होतं, हे मला मागून कळलं. "आबा, कुठं सापडला?"

"सापडला न्हाई. चोरून आणला."

"चोरून? कुणाचा?"

"एका बाईचा."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणला, "कुणी पाहिलं तर न्हाई ना?"

"सगळ्या गावानं पाहिलं."

तवापासून तो माझ्याशी जपून बोलतो. सुनेनं संध्याकाळी ताट बाजेवर आणून दिलं, म्या ते परत न्यायला लावलं. चुलीपाशी जाऊन टोपल्यातली भाकरी माझ्या हातानं उचलली. ती म्हणली, "मामा, मी देऊन राहिले ना." म्या म्हणलं, म्हणूनच. तिला अजून राग हाये, आन् तिचा राग मला समजतो, पण मी काही समजावून सांगत बसलो न्हाई. मेंढ्या ह्या साली बऱ्या माजावर आल्या. पोरगं बसा म्हणायचं थांबलं.

आता शेवटचं, कारण ह्यावरूनबी लोक हसून राहिले. म्या मेंढरांच्या वाड्याला लोखंडी फाटक बसवलं, साखळी घातली, बाजारातून मोठं कुलूप आणलं आन् एक दांडगं कुत्रं बांधलं. लोक म्हणतात, म्हातारा भ्याला. भ्यालो न्हाई. तिकडं खाली झिपरीच्या उंबऱ्यावर पुन्हा ताट येतच असणार. तिची पोरं तशी सोडणारी न्हाईत. तिला पुन्हा चोरी करावी लागणार, आन् ती कुठं येईल हे मला ठाव हाये. फाटक उघडं ठेवावं, म्हातारी माणूस हाये, सुखानं घेऊन जाईल, असं माझ्या मनात आलं न्हाई असं न्हाई. पण ते देणं झालं असतं. आन् तिला देणारा मी कोण? तिला वस्ताद पायजे असंल तर तिनं ती साखळी कापावी, कुत्र्याला गप करावं, माझ्या उशाखालची किल्ली काढावी. मी तिला एका गोष्टीचीबी सवलत देणार न्हाई. मी जागाच असतो.